शेतकरी आठवडे बाजार आणि फूड बँक एकत्र उभारताना: सार्वजनिक निधी कशासाठी, कोठे आणि कसा मागावा

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला आणि महाराष्ट्रातील सुमारे ७ कोटी लोकांना रेशनच्या धान्याचा कायदेशीर हक्क मिळाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो असे हे प्रमाण आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे अनेक कारणे आहेत, पण त्यांतले एक ताटात दिसते. भात किंवा पोळी आहे, तिच्यासोबतची भाजी, फळ आणि डाळ अपुरी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसासाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. चार माणसांच्या घरात ही भाजी दीड किलोच्या वर जाते. भाव सरासरी ४० रुपये किलो धरला, तर रोजचे साठ-पासष्ट रुपये नुसत्या भाजीला लागतात, आणि रोजंदारीवर चालणाऱ्या घराला तेवढे बाजूला काढणे बहुतेक दिवशी जमत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहेत. एक शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकण्याचा आठवडे बाजार, आणि दुसरी जास्तीचे अन्न गोळा करून गरजूंपर्यंत नेणारी फूड बँक. अडचण अशी की या दोन्ही व्यवस्था एकमेकींना फारशा ओळखत नाहीत. शेतकरी बाजार सुस्थितीतल्या सोसायट्यांच्या आसपास भरतो, आणि फूड बँकेला हॉटेल किंवा मंगल कार्यालय जे देईल तेच वाटावे लागते. या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून एकाच आराखड्यात बसवाव्यात, आणि सार्वजनिक निधी शेतकरी किंवा ग्राहक यांपैकी कोणीच ज्याचे पैसे देऊ शकत नाही अशा गोष्टींसाठी मागावा, अशी या लेखाची भूमिका आहे. अशा गोष्टी म्हणजे जागा, निवारा, वजनकाटे, वाहतूक, निवड करणाऱ्या हातांची मजुरी आणि नोंदी. उद्घाटन, मंडप आणि फलक यांच्यासाठी निधी मिळवणे तुलनेने सोपे असते, पण त्यातून बाजार टिकत नाही.

पायरी १: गरज नेमकी कोठे आहे हे पाहणे

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी ज्या वस्तीसाठी हे करायचे आहे तेथे एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि एकदा रविवारी जावे. वस्तीत भाजी कोण विकते, किती वाजता आणि कोणत्या मापाने, हे तीन प्रश्न विचारले तरी बरेच कळते. बहुतेक कामगार वस्त्यांत भाजी किलोवर विकली जात नाही. हातगाडीवर दहा किंवा वीस रुपयांचे वाटे लावलेले असतात: चार टोमॅटो, दोन वांगी, मूठभर मिरची आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या. घरकाम करणारी बाई दिवसाचे पैसे हातात आल्यावर संध्याकाळी एका वेळेपुरता वाटा घेते, कारण घरात फ्रीज नसतो आणि आठवड्याची भाजी एकदम घ्यायला पैसेही नसतात. सकाळी सात ते अकरा या वेळेत भरणारा आणि अर्ध्या किलोच्या खाली न देणारा शेतकरी बाजार तिच्या दृष्टीने बंदच असतो, मग तो वस्तीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर का असेना.

म्हणून बाजाराची वेळ आणि माप या दोन गोष्टी पाहणीतूनच ठराव्यात. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी चार ते आठ ही वेळ, आणि प्रत्येक गाळ्यावर पाव किलोचे वजन व ठरलेल्या किमतीचे वाटे ठेवण्याची अट, एवढे केले तरी ग्राहकवर्ग बदलू शकतो. याच पाहणीत परिसरातील अंगणवाड्या, महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळा, रेशन दुकान, शिवभोजन केंद्र आणि वृद्धाश्रम यांची यादी करून ठेवावी. पुढे फूड बँकेचा माल कोणाकडे जाणार, हे या यादीवरूनच ठरते. अर्ज वाचणारा अधिकारीही आधी हेच विचारतो.

पायरी २: शेतकऱ्याची कायदेशीर बाजू

महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त करण्यात आला. त्यामुळे शेतकऱ्याला आपली भाजी बाजार समितीत न नेता शहरात थेट विकता येते आणि त्या विक्रीवर बाजार समितीचा सेस लागत नाही. त्याच वर्षी राज्य शासनाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केले. त्याचे समन्वयन पुण्याच्या महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाकडे आले. आपल्या जिल्ह्यात पणन मंडळाचे विभागीय कार्यालय कोठे आहे हे शोधून तेथे प्राथमिक भेट घ्यावी. जागा देणाऱ्या यंत्रणेशी बोलताना पणन मंडळाचे पत्र हाताशी असेल तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप मिटतात.

बाजारात बसणारा खरोखर शेतकरी आहे की घाऊक बाजारातून माल उचलून आणणारा व्यापारी, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी बाजारात उभा राहतोच. सातबारा उतारा आणि त्यावरील ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात कोणते पीक उभे आहे याची, नोंद तपासणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. कोबी विकणाऱ्याच्या उताऱ्यावर फक्त ऊस असेल, तर चौकशी करावी. तमिळनाडूत नोव्हेंबर १९९९ मध्ये मदुराईपासून सुरू झालेल्या उळवर सन्दै या सरकारी शेतकरी बाजारांत शेतकऱ्यांना ओळखपत्रे दिली जातात, गाळ्याचे भाडे घेतले जात नाही, वजनकाटे बाजार पुरवतो आणि दिवसाचे भाव फलकावर लिहिले जातात. त्याच वर्षी जानेवारीत तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या रयतु बाजारांची रचनाही बरीचशी अशीच आहे. या दोन राज्यांचा अनुभव आपल्या प्रस्तावात जरूर नमूद करावा, कारण सरकारी खर्चाने शेतकरी बाजार पंचवीस वर्षे चालू शकतो याचा तो पुरावा आहे.

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ शेतस्तरावरील पिकाला लागू होत नाही, त्यामुळे कच्ची भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न परवान्याची काळजी नको. मात्र लोणची, पापड, चटण्या, मसाले, चिरून पाकीटबंद केलेली भाजी असे काही बाजारात येणार असेल, तर ते बनवणाऱ्या बचत गटाची नोंदणी आवश्यक असते. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी आणि त्याचे प्रमाणपत्र गाळ्यावर दिसेल असे लावावे.

पायरी ३: दोन संस्था, एक करार

बाजार चालवणारी संस्था आणि फूड बँक चालवणारी संस्था कागदोपत्री वेगळ्या असाव्यात, असे माझे ठाम मत आहे. बाजार चालवण्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गटांचा महासंघ योग्य ठरतो, कारण तेथे पैशाची उलाढाल आणि सभासदांचा नफा आहे. फूड बँक मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास, संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी असावी. देणगीवर आयकर सवलत देणारी कलम ८०-जी ची मान्यता आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) या दोन वाटा नफा वाटणाऱ्या संस्थेला बंद असतात. एकाच संस्थेने दोन्ही कामे केली, तर तिला निम्म्या निधीवर पाणी सोडावे लागते आणि लेखापरीक्षणात विक्रीचा व दानाचा माल वेगळा दाखवता येत नाही.

फूड बँकेच्या संस्थेने पुढील कागद तयार ठेवावेत: नोंदणी प्रमाणपत्र, आयकराच्या १२-ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरील करसवलत) व ८०-जी मान्यता, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरील क्रमांक, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी (१ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे), अन्न नोंदणी, आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. नवीन संस्थेकडे तीन वर्षांचे ताळेबंद नसतात. अशा वेळी गावातील किंवा शहरातील जुन्या, विश्वासार्ह न्यासाला मुख्य अर्जदार करून आपण अंमलबजावणीची बाजू सांभाळावी. ही पद्धत रूढ आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दोन्ही संस्थांमध्ये दोन पानांचा लेखी करार करावा. बाजार संपल्यावर उरलेला माल किती वाजता ताब्यात दिला जाईल, त्याचे वजन कोण करील, फूड बँक दर आठवड्याला किमान किती माल विकत घेईल आणि कोणत्या दराने, हे चार मुद्दे त्यात स्पष्ट असले पाहिजेत.

पायरी ४: जागा

सार्वजनिक निधीचा सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे जागा. महापालिकेचे मैदान, शाळेचे आवार, मंडईलगतचे वाहनतळ किंवा उड्डाणपुलाखालची मोकळी जागा आठवड्यातून एक दिवस नाममात्र शुल्काने मिळाली, तर ते लाखो रुपयांच्या अनुदानाइतके आहे. अर्ज महापालिका आयुक्त किंवा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करून त्याच्या प्रती मालमत्ता विभाग, क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक पोलिस शाखेला द्याव्यात. मागणी एका वर्षाच्या नूतनीकरणक्षम परवानगीची असावी. दर आठवड्याला नव्याने परवानगी घ्यावी लागली, तर तीन महिन्यांत शेतकरी येणे थांबवतात. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि संध्याकाळच्या बाजारासाठी दिवे यांची मागणी याच अर्जात करावी, कारण दुपारी टेम्पोत बसून आलेल्या शेतकरी स्त्रीला रात्रीपर्यंत तेथे बसायचे असते.

गावाच्या पातळीवर चित्र वेगळे आहे. तेथे आठवडी बाजार आधीच भरतो आणि ग्रामपंचायत त्याचा कर वसूल करते. नवा बाजार सुरू करण्यापेक्षा आहे त्या बाजारात ओटे, शेड, पाणी आणि माल निवडण्याची खोली उभारणे शहाणपणाचे ठरते. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील २२ हजार ग्रामीण बाजार सुधारण्याची घोषणा झाली होती आणि त्यातील बांधकामासाठी रोजगार हमीसारख्या योजनांचा आधार घेण्याचे ठरले होते.

पायरी ५: निधीचे स्रोत

फूड बँकेसाठी अनुदान द्या, असा अर्ज घेऊन कोणत्याही सरकारी कार्यालयात गेलात, तर हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदराखाली, टाकायचा हा पहिला प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर तयार नसेल तर अर्ज तेथेच राहतो. त्यामुळे आपला प्रकल्प एकसंध मागण्याऐवजी त्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा ज्या शीर्षात बसतो तेथे न्यावा.

टिकाऊ वस्तू आणि बांधकाम हा पहिला तुकडा. ओटे, शेड, निवड-खोली, पाण्याची टाकी आणि दिवे यांसाठी आमदार स्थानिक विकास निधी, खासदार निधी आणि जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनांचा भाग हे मार्ग आहेत. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. मात्र काम टिकाऊ, सार्वजनिक मालकीचे आणि सार्वजनिक जागेवरचे असावे लागते, म्हणून ओटे संस्थेच्या नव्हे तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर होतात. ते योग्यच आहे. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या निधीतील अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारा, भाग असतो, आणि बाजारातील पालापाचोळ्याच्या खतखड्ड्यासाठी स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला बंधित भागही वापरता येतो. हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावे लागते. त्यासाठी २ ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभेत ते मांडून ठरावाची प्रत घ्यावी. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचनांतून अंदाजपत्रकात कामे घेण्याची पद्धत आहे. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक मुदतीत अर्ज द्यावे लागतात. आपल्या शहरात अशी सोय असो वा नसो, महापालिकेचे अंदाजपत्रक जानेवारी ते मार्च या काळात आकाराला येते, त्यामुळे आपला प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच संबंधित विभागात पोहोचलेला असावा. मार्चमध्ये गेलेल्या अर्जाला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

दुसरा तुकडा शेतकऱ्यांच्या संस्थेचा. केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत (२०२०) नोंदलेल्या कंपनीला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. त्याशिवाय प्रत्येक सभासदामागे २ हजार रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, भागभांडवलाला जोडनिधी, म्हणजे सभासदांनी भरलेल्या रकमेइतकीच सरकारी भर, मिळतो. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासदांची अट आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या मा. बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्पात, म्हणजे स्मार्टमध्ये, उपप्रकल्पांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. नवे प्रस्ताव सध्या घेतले जातात का, हे जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात विचारावे. कृषी पायाभूत सुविधा निधी (२०२०) हा अनुदान नसून कर्ज आहे. त्यात २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत मिळते. प्रतवारी केंद्र किंवा शीतखोली यांसाठी ते उपयोगी आहे, परंतु आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजाराच्या उत्पन्नावर शीतखोलीचा हप्ता निघत नाही. पहिल्या वर्षी कर्जाच्या वाटेला जाऊ नये. बाजारात पदार्थ विकणाऱ्या बचत गटांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे. तिच्यात गटातील प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि वैयक्तिक उद्योगाला १० लाखांच्या मर्यादेत ३५ टक्के अनुदान मिळते.

तिसरा तुकडा सर्वात अवघड, तो म्हणजे चालू खर्च. डिझेल, निवड करणाऱ्या स्त्रियांची मजुरी, क्रेट, पिशव्या आणि भाजीची खरेदी यांसाठी बांधकामाचा निधी वापरता येत नाही. येथे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी कामी येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के अशा कामांवर खर्च करायचे असतात. सातव्या अनुसूचीतील पहिल्याच बाबीत भूक, दारिद्र्य व कुपोषण निर्मूलनाचा उल्लेख आहे. कंपनीने आपल्या परिसरातील कामाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, म्हणून चाकण, बुटीबोरी, वाळूज, सातपूर, तारापूर अशा औद्योगिक वसाहतींजवळच्या संस्थांनी आधी तेथील कंपन्यांचे दार ठोठवावे. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांना महिला व बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांच्यासाठी ठरावीक वाटा राखून ठेवावा लागतो. जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीत महिला व बालकल्याणाचा वाटा १० टक्के आहे. वर्षअखेरीस तो बराचसा अखर्चित राहिल्याचे अनेक ठिकाणी दिसते. गर्भवती स्त्रियांसाठी भाजीची कूपने हा त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो.

चौथा तुकडा नव्या निधीचा नाही, आधीच खर्च होत असलेल्या निधीचा आहे. शालेय पोषण आहारात भाजीपाला शाळेच्या पातळीवर विकत घेतला जातो. अंगणवाडीतला गरम आहार स्थानिक गट शिजवतात. आदिवासी भागातील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेची (२०१५) खरेदी गावची आहार समिती करते. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून ग्राहकाचे १० रुपये वगळता उरलेले शासन देते. या साऱ्यांची भाजी कोठून येते, याची चौकशी करून ती आपल्या बाजारातून घेण्याचा प्रस्ताव द्यावा. त्यासाठी एकही नवा शासननिर्णय लागत नाही. सरकारी देयके उशिरा येतात, म्हणून उधारीची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी आणि शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकते होतील एवढे खेळते भांडवल बाजार चालवणाऱ्या संस्थेने बाजूला ठेवावे.

पायरी ६: प्रस्तावातील हिशेब

प्रस्तावाचा गाभा एका साध्या गणितात असतो. समजा, बाजारात २० शेतकरी बसतात आणि प्रत्येक जण १५० किलो माल आणतो, म्हणजे एकूण ३ टन. त्यातला शंभरामागे ५ किलो माल उरला, तर फूड बँकेला १५० किलो मिळतात, आणि प्रत्येक घराला ३ किलो दिले तर ५० घरे होतात. पण हा उरलेला माल दर आठवड्याला सारखा नसतो. पावसाळ्यात पालेभाजी उरतच नाही, हिवाळ्यात मेथी आणि कोबीचे ढीग राहतात, आणि सणाच्या आदल्या दिवशी सगळे विकले जाते. ५० घरांना शब्द दिला आणि हाती ६० किलो आले, तर काय करायचे?

म्हणून फूड बँकेने उरलेल्या मालावर विसंबू नये. तिच्या अंदाजपत्रकात खरेदी निधी असलाच पाहिजे. किमान निम्मा माल ती शेतकऱ्याकडून ठरलेल्या दराने विकत घेईल आणि उरलेला भाग दानातून येईल, असे धरावे. यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. टोमॅटोचा भाव कोसळतो तेव्हा तोडणीची मजुरी, क्रेट आणि गाडीभाडेसुद्धा निघत नाही आणि माल शेताच्या बांधावर किंवा रस्त्यावर टाकला जातो. त्या आठवड्यांत तोडणी, भरणी आणि वाहतूक भागेल एवढा दर देऊन फूड बँकेने जास्त माल उचलावा. खरेदी निधी वर्षभरात समान न वाटता हंगामाप्रमाणे कमी-जास्त खर्च करण्याची मुभा देणगीदाराकडून आधीच लेखी घ्यावी, नाहीतर तिमाही हप्ते आणि भाजीचा हंगाम यांचा मेळ बसत नाही.

कूपनांचा पर्याय येथे गंभीरपणे विचारात घ्यावा. अमेरिकेत १९९२ पासून एक संघीय कार्यक्रम चालतो, ज्यात लहान मुलांच्या मातांना आणि गर्भवती स्त्रियांना अधिकृत शेतकरी बाजारात फक्त ताजी फळे आणि भाज्या यांसाठी वापरता येणारी कूपने दिली जातात, आणि शेतकऱ्याला त्यांचे पैसे सरकारकडून मिळतात. आपल्याकडे हेच लहान प्रमाणावर करता येते. अंगणवाडी सेविकेच्या यादीतील कुटुंबांना आठवड्याला ठरावीक रकमेची, क्रमांक व शिक्का असलेली कूपने द्यावीत आणि शेतकऱ्याने ती बाजार संपताना जमा करून रोख किंवा खात्यावर पैसे घ्यावेत. बाई गाळ्यासमोर उभी राहून स्वतः निवडून भाजी घेते. हातात पिशवी ठेवली जाण्यापेक्षा यात तिचा मान राहतो, आणि तिच्या मुलाला दोडका आवडत नाही हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पायरी ७: बाजाराच्या दिवसाचे काम

बाजार उठण्याच्या अर्धा तास आधी फूड बँकेची माणसे क्रेट आणि काटा घेऊन हजर असावीत. शेतकरी परतीच्या टेम्पोच्या घाईत असतो. त्याच्याकडून माल घेताना वजन त्याच्यासमोर करून पावतीवर पीक, वजन, आणि दान की खरेदी, एवढ्या तीन नोंदी कराव्यात. त्यानंतरचे काम निवडीच्या टेबलावर होते. टेबलावर ओले तरट पसरून माल तीन क्रेटमध्ये वेगळा करावा. पहिल्यात आजच शिजली पाहिजे अशी पालेभाजी, पिकलेले टोमॅटो आणि तुटलेली फुलकोबी असते, आणि ती जवळच्या सामुदायिक स्वयंपाकघरात त्याच रात्री जाते. दुसऱ्यात दोन-तीन दिवस टिकणारी वांगी, भेंडी, काकडी, गवार असते, ती घरोघरी वाटायची. तिसऱ्यात भोपळा, कांदा, बटाटा, सुरण असा आठवडा काढणारा माल राहतो, आणि हा माल पुढच्या बाजारापर्यंतची गरज भागवतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या सुट्या करून मुळांची माती झटकून ठेवल्या नाहीत, तर सकाळपर्यंत आतून पिवळ्या पडतात. या कामाला स्वयंसेवक पुरत नाहीत. भाजी हाताळण्याची सवय असलेल्या वस्तीतल्याच दोन-तीन स्त्रियांना मजुरी देऊन हे काम द्यावे आणि ती मजुरी प्रस्तावात उघडपणे दाखवावी.

शिजवलेल्या अन्नाबाबत वेगळी दक्षता लागते. जास्तीच्या अन्नाच्या संकलन व वितरणाबाबत केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे विनियम १ जुलै २०२० पासून लागू आहेत. असे अन्न वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी, देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नोंदी आणि पाकिटावरील माहिती यांची बंधने त्यांत आहेत. गरम अन्न गरम आणि थंड अन्न थंडच राहील अशी भांडी व गाडी हाताशी नसेल, तर शिजवलेले अन्न घेण्याचे काम पहिल्या वर्षी हाती घेऊ नये. मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्त पोलिस महासंचालक डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली रोटी बँक हे शिजवलेल्या अन्नाचेच काम करते, पण त्यामागे गाड्या आणि पगारी माणसे यांची स्वतंत्र व्यवस्था आहे.

पायरी ८: नोंदी आणि उपयोगिता प्रमाणपत्र

प्रत्येक निधीसाठी स्वतंत्र बँक खाते किंवा निदान स्वतंत्र खातेवही ठेवावी. साठा नोंदवहीत आवक, वाटप, खतखड्ड्यात गेलेला माल आणि शिल्लक असे चार रकाने असावेत. खतखड्ड्याचा रकाना लपवू नये. काही माल कुजणारच, आणि तो शून्य दाखवणाऱ्या नोंदवहीवर जाणता लेखापरीक्षक विश्वास ठेवत नाही. लाभार्थ्यांची छायाचित्रे घेण्याचा आग्रह अनेक देणगीदार धरतात. त्याऐवजी भरलेल्या क्रेटचे, वजनकाट्याचे आणि गाडीचे स्थाननोंद असलेले छायाचित्र द्यावे आणि लाभार्थ्यांची यादी अंगणवाडी सेविका किंवा मुख्याध्यापक यांच्या सहीने प्रमाणित करून घ्यावी. पिशवी घेताना फोटोसाठी उभे राहावे लागते म्हणून न येणारी घरे प्रत्येक वस्तीत असतात.

निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला असे सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाकडून वेळेत घ्यावे, कारण मागच्या हप्त्याचे प्रमाणपत्र गेल्याशिवाय सरकारी निधीचा पुढचा हप्ता निघत नाही. अर्जावर कार्यवाही होत नसेल, तर आधी लेखी स्मरणपत्र द्यावे आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली फाईलवरील शेऱ्यांची प्रत मागावी. शेऱ्यात बहुधा एखादा राहिलेला कागद किंवा चुकीचे लेखाशीर्ष असते, आणि ते कळले की दुरुस्ती करता येते.

पायरी ९: दुसऱ्या वर्षाचा अर्ज

दुसऱ्या वर्षी मागताना पहिल्या वर्षाचे पाच आकडे पुरेसे आहेत: किती शेतकरी सरासरी बसले, किती टन माल विकला गेला, फूड बँकेने किती विकत घेतला, किती दानात आला, आणि किती घरांना किती आठवडे पुरवठा झाला. यांतला शेवटचा आकडा सर्वात महत्त्वाचा आहे. हजार घरांना एकदा भाजी दिली यापेक्षा ८० घरांना वर्षातले ४५ आठवडे दिली, ही माहिती पोषणाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. अंगणवाडीतील वजनवाढीच्या नोंदी सेविकेच्या व पर्यवेक्षिकेच्या संमतीने जोडता आल्या तर जोडाव्यात, मात्र वजनवाढ केवळ आपल्या भाजीमुळे झाली असा दावा करू नये.

याच वेळी जागेच्या परवानगीचे नूतनीकरण, वजनकाट्यांची फेरपडताळणी, सीएसआर देणगीदाराशी नवा करार आणि ग्रामसभेचा किंवा क्षेत्रीय कार्यालयाचा पुढच्या वर्षाचा अर्ज, ही चारही कामे सप्टेंबर अखेरपर्यंत सुरू केलेली असावीत. एखादा स्रोत आटला तर खरेदी निधीला हात लावू नये. आधी पिशव्या, छपाई आणि कार्यक्रम यांवरचा खर्च थांबवावा, नंतर वाटपाची घरे नव्याने वाढवणे थांबवावे, आणि ज्या घरांना शब्द दिला आहे त्यांचा पुरवठा शेवटपर्यंत चालू ठेवावा.